हिरव्या खडूची पाणबुडी

दारूखान्यात आलेलं जहाज फार दिवस जहाजासारखं दिसत नाही. मुंबईत रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला, बंदराच्या अंगाला, भरती साधून ते चिखलात चढवतात. ओहोटी लागली की ते तिथेच रुतून बसतं. मग गॅस कटर घेतलेली माणसं नाळेपासून कामाला लागतात. बाहेरच्या गल्ल्यांतल्या दुकानांत साखळदंड, कप्प्या, व्हॉल्व, दोरखंडांची वेटोळी पडलेली असतात आणि त्यातलं काय कुठल्या बोटीचं, हे विचारण्यात अर्थ नसतो. इथला व्यापारी जहाजाकडे पाहतो तेव्हा त्याला डौल दिसत नाही. लोखंड किती टन, पत्रा किती जाड, पितळ-तांबं किती निघेल, एवढंच तो बघतो. त्याच्या कामापुरतं तेच नेमकं बघणं आहे.

‘विक्रांत’ही इथेच आली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झालेली, १९७१ मध्ये कॉक्स बाझार आणि चितगाववर विमानं पाठवणारी, ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त होऊन पुढे काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी असलेली ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना भंगारात गेली. ती वाचवावी म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्टमध्ये तोही मार्ग बंद झाला आणि नोव्हेंबरात दारूखान्यात कटर पेटले. तिचं काही लोखंड बजाज ऑटोने घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून ‘व्ही’ नावाची मोटरसायकल बाजारात आली. विक्रांत डोळ्यांनी पाहिलेले लोक तेव्हा हळहळले. साहजिक होतं. एवढी मोठी वस्तू डोळ्यांसमोरून नाहीशी होणं सोपं नसतं.

पण ज्या खेळांबद्दल मला इथे लिहायचंय, त्यांत विमानवाहू नौका पहिल्यापासूनच डोळ्यांसमोर नसते. १९८९ साली आलेल्या ‘हार्पून’ या संगणकावरच्या वॉरगेममध्ये ती नकाशावरची एक छोटी खूण आहे. नौदलांची जी जुनी चिन्हपद्धत आहे तिच्यात आपलं जहाज म्हणजे वर्तुळ, शत्रूचं म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन, आणि ज्याचं काय ते अजून कळलेलं नाही ते साधा चौकोन. खुणेवर टिचकी मारली की वेग, दिशा, इंधन, क्षेपणास्त्रं यांचे आकडे येतात. लाट नाही, धूर नाही, तोफेचा आवाज असलाच तर स्पीकरमधून निघालेली एक पिचकी कुरकुर. असल्या खेळासमोर तासन् तास बसणाऱ्या माणसाला घरातले लोक ‘ऑफिसचं काम करतोयस का?’ असं विचारतात आणि तो ‘हो’ म्हणतो.

वॉरगेमवाल्यांमधलं सगळ्यात जुनं भांडण याच खुणांवरून आहे. एक बाजू म्हणते, ग्राफिक्स म्हणजे नटवेपणा. खेळ चांगला हवा, चित्रं गेली खड्ड्यात. या पक्षाच्या म्हाताऱ्या सैनिकांना तिकडे ‘ग्रोनार’ म्हणतात. नेपोलियनच्या जुन्या रक्षकदलातले कुरकुरे शिपाई ते हेच. दुसरी बाजू म्हणते, षट्कोनांच्या जाळीवर पुठ्ठ्याच्या सोंगट्या सरकवायला आजच्या काळात कोण बसणार? मी बरीच वर्षं पहिल्या बाजूला होतो आणि मनाने अजूनही तिकडेच झुकतो. पण हे भांडण चुकीच्या जागी मांडलंय असं माझं मत आहे. चित्र हवं की खेळ हवा, हा प्रश्न खरा नाही. युद्धात सेनापतीला जे दिसत नाही आणि जे संपत चाललंय, ते दाखवणारं चित्र कसलं, हा खरा प्रश्न आहे. त्या साध्या चौकोनाची, ‘माहीत नाही’ या खुणेची किंमत त्यामुळेच एवढी मोठी आहे.

रे रोडच्या पुढचं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून माझगाव डॉक हाकेच्या अंतरावर, आणि खाली गेलं की नौदलाची गोदी. १९७१च्या डिसेंबरात कराचीवर जो हल्ला झाला तो इथल्या बोटींचा. रशियाकडून घेतलेल्या ‘ओसा’ जातीच्या छोट्या क्षेपणास्त्र नौका त्याच वर्षी आल्या होत्या. त्या कोलकात्याला उतरवून, मोठ्या जहाजांच्या मागे ओढत मुंबईला आणल्या होत्या. बंदराच्या राखणीसाठी बनलेल्या या बोटी. लांब जायला इंधन पुरत नाही. म्हणून त्यांना ओढून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथून कराचीवर सोडायचं ठरलं. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचं बालपण कराचीजवळच्या मनोरा बेटावर गेलं होतं आणि नौदलात येण्यापूर्वी त्यांनी कराची बंदरात नोकरीही केली होती, हा योगायोग या मोहिमेच्या कुठल्याही सांगण्यात सुटत नाही.

४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटी कराचीच्या दक्षिणेला पोहोचल्या. सोबतीला ‘किलतान’ आणि ‘कछाल’. क्षेपणास्त्रांचा पल्ला साधारण चाळीस किलोमीटर. म्हणजे ज्याच्यावर मारा होतोय त्याला मारणारा दिसत नाही. ‘निर्घात’च्या क्षेपणास्त्राने पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’ पेटली तेव्हा तिच्यावरून गेलेल्या संदेशात शत्रूच्या विमानाने हल्ला केला असं कळवलं होतं. शिवाय दिलेली जागाही चुकीची होती. बुडणाऱ्या माणसांना शोधणाऱ्या बोटी त्यामुळे भलतीकडे फिरत राहिल्या. दोन दिवसांनी पाकिस्तानी हवाई दलाने आपल्याच ‘झुल्फिकार’ या फ्रिगेटवर हल्ला केला, तिला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून. ४ डिसेंबर आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो, गेटवेवर कसरती होतात, बोटींवर रोषणाई होते. त्या रात्रीच्या समुद्रात मात्र कुणाला काही दिसत नव्हतं, आणि ज्यांना थोडं जास्त दिसत होतं ते जिंकले. ओसा बोटींचं रडार आपल्या इतर जहाजांपेक्षा सरस होतं, हे त्यांना पाठवण्याचं एक कारण होतं.

आता हा प्रसंग खेळात आणायचा झाला तर? आजच्या कुठल्याही मोठ्या स्टुडिओला सांगा, ते क्षेपणास्त्राच्या शेपटीमागून कॅमेरा सोडतील, ‘खैबर’च्या डेकवर धावणारी माणसं दाखवतील, कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्यांचा वणवा असा पेटवतील की पंखा जोरात फिरू लागावा. आणि खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळेल की हल्ला विमानाने केलेला नाही. ‘खैबर’च्या कप्तानाची अडचण चित्र सुंदर झालं त्या क्षणीच नाहीशी झाली. उलट ‘हार्पून’मध्ये पडद्यावर एक साधा चौकोन उगवतो, तोही अंदाजाने, आणि तुम्ही ठरवायचं की हे व्यापारी जहाज आहे, आपलंच कुणी आहे, की काही नाहीच. हात माउसवर थांबतो. ते थांबणं हाच खेळ.

या गोष्टीचं माझ्या माहितीतलं सगळ्यात देखणं उदाहरण संगणकाच्या आधीचं आहे. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये ब्रिटिश नौदलाने एक छोटं पथक बसवलं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या तांड्यांमागून तांडे बुडवत होत्या आणि त्यांच्याशी कसं लढायचं हे धड कुणाला कळत नव्हतं. क्षयामुळे नौदलातून बाहेर पडावं लागलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचे कप्तान पथकाचे प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली बहुतेक तरुण मुली, महिला नौदलातल्या. त्यांनी खोलीच्या जमिनीचाच समुद्र केला. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने, पाणबुड्यांचे हिरव्या खडूने. खेळायला आलेले अधिकारी पडद्यांच्या मागे उभे. पडद्याला छोटी भोकं. त्या भोकांतून पांढऱ्या रेषा दिसायच्या, हिरव्या दिसायच्या नाहीत. जमिनीच्या रंगात हिरवा मिसळून जाईल असा हिशेब करूनच तो निवडला होता.

खडूचा एक रंग, बस. पण त्या रंगाने जे काम केलं ते आजची ग्राफिक्स कार्डं करत नाहीत, कारण त्यांना दाखवायची सवय आहे. त्या खोलीतून पाणबुड्या तांड्याच्या आत शिरून मारा करतात हे उमगलं आणि त्यावरचा ‘रास्पबेरी’ नावाचा डाव निघाला. पाणबुडीविद्येत मुरलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः त्या खोलीत पाणबुडीच्या बाजूने खेळले आणि जॅनेट ओकेल नावाच्या तरुण मुलीकडून पुन्हा पुन्हा हरले.

खरं तर हा वाद त्याहीपेक्षा जुना, आणि एकाच घरातला. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजासमोर राइसविट्स नावाच्या सरदाराने युद्धाच्या खेळाचं एक टेबल ठेवलं. सुंदर लाकडी कपाट, त्याच्या खणांतून जमिनीचे तुकडे काढून हवा तसा प्रदेश मांडायचा: टेकड्या, नद्या, गावं. राजघराण्याला ते फार आवडलं. पुढे १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने हे सगळं देखणं सामान बाजूला सारलं. साधा कागदी नकाशा घेतला, खऱ्या मोजणीचा, आणि त्यावर लाल-निळ्या पट्ट्या ठेवल्या. शिवाय एक पंच बसवला, जो दोन्ही बाजूंना फक्त त्यांना दिसेल तेवढंच सांगणार. प्रशियाच्या सेनाप्रमुखाने तो पाहिला आणि अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी सैन्यात नेला. वडिलांचं टेबल राजवाड्यात राहिलं. मुलगा चित्राच्या विरोधात होता असं मात्र म्हणता येत नाही. मोजणीचा नकाशाही चित्रच असतो; त्याने फक्त कामाचं चित्र निवडलं.

संगणक आला तेव्हा मूळ अडचण पैशाची आणि बाइटची होती. १९८० मध्ये जोएल बिलिंग्ज यांच्या ‘एसएसआय’ या नव्या कंपनीने ‘कंप्यूटर बिस्मार्क’ विकायला काढला, ॲपल टू आणि टीआरएस-८० या मशीनसाठी. जहाजं म्हणजे अक्षरं. समुद्र म्हणजे काळा पडदा. त्याच्यापुढे १९८१ मध्ये अटारीवर आलेला ख्रिस क्रॉफर्ड यांचा ‘ईस्टर्न फ्रंट’ म्हणजे चमत्कार वाटावा: जॉयस्टिकने सरकणारा मोठा नकाशा, नद्या, जंगलं, बर्फ पडला की पांढरी होणारी रशियाची जमीन. लोक तो नकाशा बघायलाच गोळा होत. पण त्यातली खरी गंमत कुणाला दिसत नव्हती. टीव्हीचा पडदा प्रत्येक वेळी वरून खालपर्यंत रंगवून झाला की नवीन चित्र सुरू होण्याआधी एक क्षण मिळतो. क्रॉफर्ड यांनी खेळणाऱ्याचे हुकूम घेणं, नकाशा सरकवणं हे सगळं त्या क्षणात कोंबलं आणि प्रोसेसरचा बाकीचा वेळ शत्रूला विचार करायला दिला. तुम्ही हुकूम द्यायला जितका वेळ लावाल तितका वेळ रशियन बाजू स्वतःची चाल सुधारत बसणार. म्हणजे त्या मशीनमध्ये चित्र आणि डोकं एकाच ताटातून जेवत होते, आणि कुणाला किती वाढायचं हे एका माणसाने ठरवलं होतं.

पुढे मशीन मोठी झाली तसं ताटही मोठं झालं, आणि वाटणीचं भान सुटलं. जे आहे ते चित्रांवर. हे आकसाने म्हणत नाही. खेळ दुकानात विकले जातात आणि डब्यावर विचार छापता येत नाही.

मुंबईत हे खेळ डब्यातून आले तरी कितीसे? नव्वदच्या दशकात घरी पीसी म्हणजे चाळीस-पन्नास हजारांची वस्तू. गिरगाव-दादरच्या चाळीत तो आला की त्यावर टॉवेल घालून ठेवत. सॉफ्टवेअर म्हणजे लॅमिंग्टन रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर मिळायच्या त्या बहुतेक नकला: फ्लॉपी, पुढे सीडी. सोबत पुस्तिका नसायची, आणि वॉरगेमची पुस्तिका म्हणजे निम्मा खेळ. काही खेळ तर सुरू होतानाच पुस्तिकेच्या अमुक पानावरचा शब्द विचारायचे. पुस्तिका नाही म्हणजे खेळ नाही. चित्रांवर चालणारा खेळ पुस्तिकेशिवाय चालतो, नियमांवर चालणारा नाही. आपल्याकडे वॉरगेम रुजले नाहीत याचं एक कारण ही नक्कल केलेली सीडी, असं मला बरेचदा वाटतं. पुढे नाक्यानाक्यावर सायबर कॅफे निघाले, पण तिथे जमली ती ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ची पोरं. तासावर पैसे देऊन पुरवठ्याचा हिशेब कोण करणार?

त्यातल्या त्यात पोहोचला तो १९९४चा ‘पँझर जनरल’. ‘एसएसआय’चाच. त्यात रणगाडे रणगाड्यांसारखे दिसायचे, विमानं विमानांसारखी, लढाई झाली की छोटंसं दृश्य. नियम अर्ध्या तासात कळत. ग्रोनार मंडळींनी नाकं मुरडली: हा कसला वॉरगेम, ही तर बुद्धिबळाची गोंडस आवृत्ती. मला तो प्रचंड आवडला, आणि अजूनही वाटतं की त्याच्यावर अन्याय झाला. त्याच्या रणगाड्याच्या चित्राने एक काम नीट केलं होतं. हा टायगर, हा शेर्मन, हे नजरेला लगेच कळायचं. नाटो पद्धतीचा लंबगोल काढला असता तर प्रत्येक वेळी टिचकी मारून आकडे वाचावे लागले असते. इंधन आणि दारूगोळा संपत असे. पुढे फार धावलात तर रणगाडे रस्त्यावर उभे. चित्र गोड असलं तरी हिशेब खरा होता.

खोटा हिशेब कसा असतो, ते आपल्या इतिहासाच्या निमित्ताने पाहायला मिळालं. मार्च २००९ मध्ये ‘एम्पायर: टोटल वॉर’ आला. संगणकावरच्या एवढ्या मोठ्या, जगभर विकल्या जाणाऱ्या खेळात मराठे खेळणाऱ्याच्या बाजूने असावेत, ही आपल्या लोकांसाठी अप्रूपाची गोष्ट होती. हजारो शिपाई पडद्यावर, प्रत्येकाच्या हातात बंदूक, धूर, निशाणं, हत्ती. या मालिकेत पहिल्यांदाच समुद्रावरच्या लढाया डोळ्यांदेखत: शिडांना भोकं पडतात, डोलकाठी मोडून पडते. आणि हे सगळं असताना बाजारात आलेल्या पहिल्या आवृत्तीत संगणकाकडे असलेल्या देशांना सैन्य बोटीत घालून पलीकडे उतरवता येत नव्हतं. समुद्र इतका सुंदर की त्यावरून कुणी येतच नाही. पुढच्या दुरुस्तीत ते बरंचसं सुधारलं, पण त्या वर्षी इंग्लंडचा राजा होणारा कुठलाही खेळाडू निश्चिंत झोपला असेल.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. खेळ १७०० साली सुरू होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. मराठे तेव्हा ज्या रीतीने तगले ती पटावर उभी राहून लढायची रीतच नव्हती. संताजी-धनाजींच्या काळापासून चाललेली ती पद्धत: मुघलांच्या रसदेवर घाला, छावणीभोवती घिरट्या, शत्रू वळला की नाहीसं व्हायचं, चार दिवसांनी चाळीस कोसांवर उगवायचं. गनिमी कावा म्हणजे शत्रूच्या नकाशावर सतत साधा चौकोन होऊन राहणं. ‘टोटल वॉर’ला मात्र दोन फौजा एका मैदानात समोरासमोर हव्यात, कारण त्याचं सगळं भांडवल त्या मैदानात गुंतलंय. मग मावळेही युरोपातल्या शिपायांसारखे ओळीत उभे राहतात, दिसतात छान, आणि ताराबाईंनी सात वर्षं जे युद्ध चालवलं ते खेळात शिरायला दारच उरत नाही. कागदाच्या नकाशावर, दहा मैलांच्या षट्कोनांत, रसदेची रेषा दाखवणाऱ्या खेळात ते सहज शिरलं असतं.

इथे ग्रोनार मंडळींच्या बाजूने एवढं बोलून झाल्यावर ते एका खेळापुढे हरतात हेही सांगायला हवं. २००० साली ‘कॉम्बॅट मिशन’ आला, दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या चकमकींचा, पूर्ण त्रिमिती. दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे, मग एक मिनिट दोघांचं एकदम घडतं, त्यात हात घालता येत नाही. जुन्या लोकांनी आधी तोंडं वाकडी केली: आली बुवा त्रिमिती. पण त्यात कॅमेरा शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवर नेला की कळायचं, समोरच्या उंचवट्यामागचं काही दिसत नाही. षट्कोनांच्या खेळात ‘इथून तिथलं दिसतं का’ हे ठरवायला पानभर नियम असत आणि त्यावर भांडणं होत. इथे तो नियमच चित्रात उतरला होता. या खेळात ग्राफिक्स हाच गेमप्ले आहे, आणि ते का जमलं याचं उत्तर लिव्हरपूलच्या त्या पडद्यामागच्या भोकात आहे. चित्र किती मिती वापरतं याला महत्त्व नाही. ते झाकतं काय, याला आहे.

युद्धात संपत जाणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायचं तर रे रोडपाशीच परत यावं लागतं; दारूखाना हे नावच बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून पडलंय. इंग्रजांचा हा सगळा किनारा कोठारांचा: लाकडाचं बंदर, कोळशाचं, गवताचं, दारूगोळ्याचं. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत रेल्वे आली ती मुळात मालासाठी. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला याच मार्गाने गेली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा एकही मोठा हल्ला झाला नाही, तरी युद्धाने मुंबईला सगळ्यात मोठा तडाखा दिला तो इथून थोड्या अंतरावर. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सोबत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, गोदी उद्ध्वस्त झाली, आजूबाजूच्या वस्त्यांत शेकड्यांनी माणसं मेली. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. ज्या जहाजाला कुठल्याच लढाईत जागा मिळाली नसती, त्याने हे केलं. पॅसिफिक युद्धावरच्या ‘वॉर इन द पॅसिफिक’ या अवाढव्य खेळात मुंबई हा एक तळ आहे, आणि तिथे खेळणाऱ्याच्या हाती येतात ते आकडे: इंधन, रसद, बंदराचा आकार. पहिल्यांदा पाहताना मला ते रटाळ वाटले होते. एक चाल म्हणजे एक दिवस, आणि कित्येक चाली नुसती जहाजं भरण्यात जातात. ‘फोर्ट स्टिकिन’ची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला ते भरणं रटाळ वाटू नये.

आपल्या नौदलालाही हे माहीत आहेच. अधिकाऱ्यांना युद्धाचा विचार शिकवणारं कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर १९८८ मध्ये मुंबईसमोर करंजाला सुरू झालं. पुढे ते गोव्याला गेलं आणि आज नेव्हल वॉर कॉलेज म्हणून ओळखलं जातं. तिथल्या खेळांत पडद्यावर काय दिसतं हे बाहेरच्याने बोलू नये. बाजारात मिळणारा त्यांच्या जवळचा नातेवाईक म्हणजे २०१३ पासूनचा ‘कमांड’, ‘हार्पून’चा मानसपुत्र. त्याची व्यावसायिक आवृत्ती काही देशांची सैन्यं वापरतात. पृथ्वीचा गोल आता उपग्रहाच्या छायाचित्राचा आहे, पण बोटी म्हणजे अजून तीच वर्तुळं आणि चौकोन. नव्या मशीनवर तो त्रिमिती बोटी सहज दाखवू शकला असता. पैसे देणाऱ्या सैन्यांनी मागितल्या असत्या तर दिल्याही असत्या.

मराठी माणसाला या खुणा परक्या का वाटाव्यात, हे मला कळत नाही. आपल्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना जानेवारी १७६१च्या अखेरीस भेलसे मुक्कामी मिळाली ती सावकाराच्या सांकेतिक पत्रातून, असं परंपरेने सांगतात. त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे फौज. लढाईचं एकही दृश्य त्यात नाही. शाळेत ते ऐकून पोटात खड्डा पडला नाही असा मराठी मुलगा विरळा. पुढे पानिपतावर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, सिनेमा झाला, हत्ती-घोडे आणि तोफा झाल्या. त्या हिशेबाची बरोबरी त्यांतल्या थोड्यांनाच साधली.

पानिपतावर वॉरगेम करायला सामग्रीची कमी नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांत धान्य किती, पैसा कुठे अडला, गोविंदपंत बुंदेल्यांना काय लिहिलं, हे पत्रागणिक सापडतं. एक पत्र किती दिवसांनी पोहोचलं हेही बऱ्याचदा काढता येतं. पडदा अगदी साधा चालेल: एक नकाशा, तारीख, आणि आलेली पत्रं. पुण्याहून खेळायचं, जासूद येईल तेव्हाच कळणार, आणि पत्र हातात पडेल तेव्हा त्यातली गोष्ट जुनी झालेली असणार. अब्दाली कुठे आहे हे नकाशावर साध्या चौकोनाने. कुंजपुऱ्याचं धान्य मिळालं म्हणून आनंद, आणि आठवड्याभरात पाठीमागची दिल्लीची वाट तुटलेली. छावणीत लढणाऱ्यांच्या बरोबरीने न लढणारी हजारो तोंडं. डिसेंबरात बुंदेले मारले गेले की रसदेचा आकडा रोज खाली. कुणी हा खेळ करायला घेतलाच तर त्याने १४ जानेवारीच्या सकाळपासून सुरुवात करू नये. तोवर निकाल लागलेला असतो आणि उरतात ती नुसती दृश्यं. ऑक्टोबरात, बागपतच्या उताराजवळ, यमुना अजून भरलेली असताना सुरुवात करावी.